दुसरी सही आणि पडलेली अट: युरोपीय संहितांनी छापील करार कसे हाताळले

प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न तीन तुकड्यांत आला आहे. बँक, विमा, भाडं, मशिनरी, सगळीकडे एका बाजूने आधीच छापून ठेवलेला आणि दुसऱ्याने फक्त सही करायची असा जो करार असतो, तो युरोपातल्या नागरी संहितांनी कसा बसवला? आपल्याकडे 1872 च्या करार अधिनियमात असं प्रकरण घालायचं झालं तर नमुना कोणाचा घ्यावा? आणि गोव्यात पोर्तुगीज संहिता चालते म्हणतात, मग तिथे हे नियम आधीपासूनच आहेत का?

शेवटचा आधी उरकतो. नाहीत. गोव्यात टिकून राहिली ती 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, आणि तीही आज मुख्यतः विवाह व पती-पत्नींच्या मालमत्तेपुरती. वारसाहक्काचा भाग गोव्याने स्वतःच्या 2012 च्या कायद्यात नव्याने मांडला. करारांना गोव्यातही भारतीय करार अधिनियमच लागतो. पोर्तुगालने छापील अटींचा कायदा केला तो 25 ऑक्टोबर 1985 रोजी (आदेश-कायदा क्रमांक 446/85), म्हणजे गोवा मुक्त होऊन जवळपास चोवीस वर्षं झाल्यावर. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र मला फार आवडतात. एक, छापील नमुन्यात सहीच्या नंतर येणाऱ्या अटी कराराचा भागच मानल्या जात नाहीत. दोन, 2021 च्या दुरुस्तीने 11 पॉइंट किंवा अडीच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांत आणि 1.15 पेक्षा कमी ओळअंतराने छापलेल्या अटींना ग्राहकांच्या करारात सरसकट बंदी आली. बारीक अक्षरांबद्दल सगळेच कुरकुरतात, पोर्तुगालने सरळ मोजपट्टी लावली.

आता मुख्य प्रश्न. माझं रोजचं काम म्हणजे पुणे परिसरातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे युरोपीय खरेदीदारांशी होणारे करार तपासणं. त्यामुळे माझं उत्तर व्यापारी करारांकडे झुकलेलं असणार, हे गृहीत धरूनच वाचा.

छापील अटींपुढे कोणत्याही संहितेला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. ही अट करारात शिरली का? शिरली असेल तर तिचा आशय चालतो का? आणि चालत नसेल तर तिच्या जागी काय येतं? विद्यार्थी बहुतेक वेळ पहिल्या प्रश्नावर घालवतात, कारण प्रस्ताव आणि स्वीकृतीचं प्रकरण सगळ्यांचं पाठ असतं. माझ्या मते खरी ताकद तिसऱ्या उत्तरात असते, आणि संहितांची तुलना तिथूनच करायला हवी.

1804 ची फ्रेंच संहिता आणि 1900 ची जर्मन संहिता, दोन्ही समोरासमोर बसून घासाघीस करणारी माणसं गृहीत धरतात. रेल्वेचं तिकीट किंवा विम्याची पॉलिसी त्या चित्रात कुठेच नाही. 1901 मध्ये फ्रेंच विधिज्ञ रेमों सालेय यांनी जर्मन संहितेचा अभ्यास करताना या प्रकाराला वेगळं नाव दिलं, 'चिकटून होणारा करार'. त्यांचं म्हणणं असं की हे नावापुरतेच करार आहेत. खरं तर एक पक्ष अनोळखी समुदायासाठी कायदा केल्यासारखा नियम लिहून ठेवतो आणि बाकीचे त्याला येऊन चिकटतात. नाव रुजलं, पण फ्रेंच संहितेत ते उतरायला पुढे एकशेपंधरा वर्षं लागली.

संहितेत पहिलं पाऊल टाकलं ते इटलीने, 1942 मध्ये. नागरी आणि व्यापारी कायदा एका संहितेत गुंफताना कलम 1341, 1342 आणि 1370 घातली गेली. 1341 चा पहिला परिच्छेद म्हणतो की एका पक्षाने तयार केलेल्या सर्वसाधारण अटी दुसऱ्यावर बंधनकारक होतात, जर त्याला त्या माहीत असतील किंवा नेहमीची काळजी घेऊन माहीत व्हायला हव्या असतील. दुसऱ्या परिच्छेदात जाचक अटींची यादी आहे: जबाबदारी मर्यादित करणं, एकतर्फी माघार घेणं किंवा काम थांबवणं, मुदतीत दावा न केल्यास हक्क जाणं, आपोआप नूतनीकरण, लवाद, न्यायालय बदलणं वगैरे. या अटींना वेगळी लेखी मान्यता नसेल तर त्या निष्प्रभ. 1342 नुसार छापील मजकुरात भर घातलेली अट, ती छापील अटीशी जुळत नसेल तर, तिच्यावर मात करते, छापलेली ओळ खोडायची राहिली असली तरी. आणि 1370 नुसार संशय आला तर अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा.

कागदावर हे फार सुबक दिसतं. आता प्रत्यक्ष इटालियन करार उघडून बघा. शेवटच्या पानावर एक सही. तिच्याखाली एक परिच्छेद: नागरी संहितेच्या कलम 1341 व 1342 अन्वये पुढील अटी आम्ही विशेषत्वाने मान्य करतो, 7, 9, 12, 15, 18. त्याखाली दुसरी सही. आमच्याकडे चाकणचा निर्यातदार दोन्ही सह्या एका दमात ठोकतो आणि शिक्का मारून स्कॅन पाठवतो. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे रोखायचा प्रयत्न केलाय: कराराच्या सगळ्याच अटींचे क्रमांक घाऊक उतरवले आणि खाली सही घेतली, तर ती विशेष मान्यता धरली जात नाही. त्यामुळे वकील मंडळी हल्ली प्रत्येक क्रमांकापुढे विषयही लिहितात. पण सही नीट घेतली की व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमध्ये खेळ संपला. अट किती अन्यायकारक आहे हे या कलमाखाली न्यायाधीश पाहत नाही, तो फक्त दुसरी सही शोधतो. ज्याला पहिली सही नाकारता आली नाही, तो दुसरी कशी नाकारणार? ग्राहकांसाठी इटलीला पुढे वेगळी व्यवस्था करावीच लागली, आधी 1996 मध्ये संहितेतच आणि नंतर 2005 च्या ग्राहक संहितेत.

तरीही 1341 ला पूर्ण निकामी म्हणणार नाही. विरुद्ध बाजू निष्काळजी असेल तर हे कलम सोन्यासारखं आहे. इटालियन पुरवठादाराने नुसतं ऑर्डर कन्फर्मेशन पाठवलं, पाठीमागे अटी छापल्या आणि दुसरी सही घेतलीच नाही, तर त्यातली जबाबदारी मर्यादित करणारी अट उभी राहत नाही. मात्र हा बचाव मिळतो तो समोरच्याच्या आळसामुळे.

जर्मनी उलट्या दिशेने आला. तिथे संहिता गप्प होती, पण न्यायालयं गप्प नव्हती. 1935 मध्ये लुडविग रायझर यांनी छापील अटींवर मोठा अभ्यास मांडला, आणि युद्धानंतर, 1950 च्या दशकापासून, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संहितेच्या कलम 242 मधल्या सद्भावाच्या तत्त्वाखाली अटींचा आशय तपासायला सुरुवात केली. वीस-एक वर्षांचे निकाल साठले आणि मग 9 डिसेंबर 1976 चा स्वतंत्र कायदा झाला, तो 1 एप्रिल 1977 पासून लागू झाला. 1 जानेवारी 2002 च्या मोठ्या दुरुस्तीत तो उचलून नागरी संहितेत कलम 305 ते 310 म्हणून बसवला गेला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी न्यायालय, मग कायदा, मग संहिता. त्यामुळे त्या कलमांचा शब्द न् शब्द तावून-सुलाखून निघालेला आहे.

रचना साधी आहे. अनेक करारांसाठी आधी लिहून एका पक्षाने पुढे केलेली अट म्हणजे छापील अट. प्रत्यक्ष बोलून ठरलेली गोष्ट तिच्यावर मात करते (305ख). अनपेक्षित, अंगावर येणारी अट करारात शिरतच नाही (305ग). आशयाची मुख्य कसोटी 307 मध्ये: सद्भावाला सोडून समोरच्याचं अवाजवी नुकसान करणारी अट निष्प्रभ. 308 आणि 309 मध्ये ग्राहकांसाठी नावानिशी याद्या. मूळ किंमत आणि मूळ वस्तू यांना मात्र हात लावायचा नाही, ती बाजाराची गोष्ट.

आणि मग येतं 306. अट पडली तरी बाकी करार उभा राहतो आणि पडलेल्या अटीच्या जागी कायद्याचा मूळ नियम येतो. शिवाय न्यायालयांनी ठरवून टाकलंय की जाचक अट छाटून, चालेल इतपत करून वाचवायची नाही. नाहीतर लिहिणारा नेहमीच जास्तीत जास्त मागेल, कारण वाईटात वाईट काय होईल तर न्यायाधीश त्याला कायदेशीर कमाल देऊन टाकेल.

याचा अर्थ काय होतो ते घराच्या भाड्यात दिसतं. म्युनिक किंवा स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव येतोच. भाडेकरारात छापलेलं असतं: स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दर तीन वर्षांनी रंगवायचं, बैठकीची खोली पाच वर्षांनी, बाकीचं सात. जून 2004 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भिंतीची खरी अवस्था न बघता असं ताठर वेळापत्रक लादणारी छापील अट चालत नाही. मग तीनाऐवजी सहा वर्षं धरायची का? नाही. अट गेली ती पूर्ण गेली, आणि संहितेचा मूळ नियम आला, की घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. भाडेकरूने अजिबात रंग द्यायचा नाही. जास्त मागणाऱ्या घरमालकाला काहीच मिळालं नाही. हा धाक दुसऱ्या सहीने कधीच तयार होत नाही.

आता व्यापारी करार. 308-309 च्या याद्या व्यापाऱ्यांना बहुतांशी थेट लागू नाहीत, पण 307 लागू आहे, आणि न्यायालयं याद्यांचा सूर 307 मधून व्यापाऱ्यांनाही लावतात. इथे आपल्या लोकांचा घात होतो. पुण्याच्या कंपनीने जर्मन कायदा मान्य केलेला असतो आणि स्वतःच्या विक्रीच्या अटी कुठल्यातरी अमेरिकन नमुन्यावरून उतरवलेल्या असतात: 'कोणत्याही परिस्थितीत आमची जबाबदारी बिलाच्या रकमेपुरती राहील.' जर्मन कायद्याखाली ही अट घोर निष्काळजीपणा आणि शारीरिक इजाही आपल्या पोटात घेते, म्हणून ती पडते. छाटून वाचवायची सोय नाही, म्हणजे जागी येते ती कायद्याची अमर्याद जबाबदारी. बिल चाळीस लाखांचं आणि दावा असेंब्ली लाइन बंद पडल्याचा. शिवाय अट लिहिणारा आपणच असल्याने ती अन्यायकारक आहे असा ओरडा करायचाही हक्क आपल्याला नाही.

'आम्ही यावर वाटाघाट केली होती' हे उत्तर सहसा चालत नाही. लिहिणाऱ्याने ती अट गंभीरपणे समोरच्याच्या मर्जीवर सोडली होती, हे सिद्ध करावं लागतं. ईमेलवर चर्चा झाली आणि मजकूर तसाच राहिला, एवढ्याने भागत नाही. या कडकपणाला कंटाळून कित्येक जर्मन कंपन्या आपसातल्या करारांतही स्विस कायदा निवडतात. स्वित्झर्लंडमध्ये अटींच्या आशयाची खुली तपासणी 2012 पासून आहे, पण ती अनुचित स्पर्धेच्या कायद्यात आणि फक्त ग्राहकांसाठी. जर्मन पद्धतीवरची ही टीका मला बऱ्याच अंशी पटते. दोन मोठ्या कंपन्यांना एकमेकींपासून वाचवायची एवढी गरज नसते.

हॉलंडने या दुखण्यावर सोपी रेघ मारली. 1992 च्या नव्या संहितेत सहाव्या पुस्तकात कलम 231 ते 247: ग्राहकांसाठी एक काळी यादी (सरळ बाद अटींची), एक करडी यादी (जाचक असल्याचं गृहीत धरलेल्या अटींची), आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीला हे संरक्षण मागताच येत नाही. रेघ थोडी आडमुठी आहे, पण सल्ला द्यायला पाच मिनिटं लागतात. ऑस्ट्रियाने तर 1811 च्या जुन्या संहितेत 1979 मध्ये थोडकी भर घातली, अनपेक्षित अटींसाठी 864क आणि गंभीर अन्यायासाठी 879 चं तिसरं पोटकलम, आणि गाडा चालवला.

फ्रान्सची कथा सगळ्यात गुंतागुंतीची. 1978 मध्ये ग्राहकांच्या जाचक अटींसाठी कायदा आला, पण कोणती अट जाचक हे सरकारने फर्मान काढून ठरवायचं होतं, आणि सरकारने त्यात फार हात आखडता घेतला. शेवटी 14 मे 1991 रोजी, छायाचित्रांच्या पारदर्शिका हरवणाऱ्या एका लॅबच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने फर्मानाची वाट न बघता अट जाचक ठरवणारा निकाल उचलून धरला. नागरी संहितेत विषय आला तो 10 फेब्रुवारी 2016 च्या अध्यादेशाने, 1 ऑक्टोबर 2016 पासून: 1110 मध्ये व्याख्या, 1171 मध्ये तपासणी, 1190 मध्ये अर्थ लावण्याचा नियम. व्याख्या 'वाटाघाटीपासून दूर ठेवलेल्या सर्वसाधारण अटीं'वर बेतलेली होती. सर्वसाधारण अटी म्हणजे काय यावर इतका काथ्याकूट झाला की दोन वर्षांत, 2018 च्या कायद्याने, ती बदलून 'एका पक्षाने आधी ठरवलेल्या, वाटाघाट न करता येणाऱ्या अटींचा संच' अशी केली. 1171 आता म्हणतं की अशा करारातली, वाटाघाट न करता येणारी आणि आधी ठरवलेली अट हक्क-कर्तव्यांत लक्षणीय असमतोल आणत असेल तर ती लिहिलेलीच नाही असं समजायचं. किंमत आणि मुख्य विषय इथेही बाहेर.

अडचण अशी की 'लक्षणीय असमतोल' फ्रान्समध्ये तीन ठिकाणी आहे: ग्राहक संहिता, व्यापार संहिता (आता कलम एल. 442-1) आणि नागरी संहिता. कोणत्या दारातून शिरायचं यावरच वर्षानुवर्षं वाद. 26 जानेवारी 2022 रोजी यंत्रसामग्री भाड्याने देणाऱ्या वित्त कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसरी दोन दारं बंद असतील तिथे 1171 उघडतं. आणि त्याच प्रकरणात असंही म्हटलं की हप्ते थकल्यावर फक्त कंपनीलाच करार मोडता येतो, ही एकतर्फी अट दोघांची कर्तव्यंच वेगळी असल्याने चालते. 1171 कडून लहान व्यापाऱ्यांना ज्या आशा होत्या, त्या तिथे बऱ्याच निवळल्या.

या सगळ्यावर युरोपीय संघाचा 5 एप्रिल 1993 चा निर्देश (93/13) आहे, फक्त ग्राहकांसाठी. त्याचा मजकूर फार काही नवीन सांगत नाही. नवीन आहे ते संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने त्यातून काढलेलं. 27 जून 2000 च्या बार्सिलोनातल्या विश्वकोश विक्रीच्या प्रकरणात ठरलं की ग्राहकाने तक्रार केली नसली तरी न्यायाधीश स्वतःहून अट तपासू शकतो. पुढे ते त्याचं कर्तव्यच झालं. 2012 मध्ये ठरलं की जाचक अट दुरुस्त करून वाचवता येणार नाही, म्हणजे जर्मन पद्धत सगळ्या संघाला लागली. स्पेनच्या गृहकर्जांत व्याज ठरावीक दराखाली उतरू न देणारी अट होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती अपारदर्शक म्हणून पाडली, पण पैसे परत फक्त त्या निकालानंतरचे. 21 डिसेंबर 2016 रोजी लक्झेंबर्गने ही मर्यादा उडवली आणि बँकांवर सुरुवातीपासूनचा परतावा आला. पोलंडच्या स्विस फ्रँकशी जोडलेल्या कर्जांत 2019 मध्ये त्याहून पुढचं: विनिमयाची अट काढल्यावर करार चालत नसेल तर न्यायाधीशाने न्यायबुद्धीच्या मोघम तत्त्वांवरून ते भोक बुजवू नये, भले अख्खं कर्ज रद्द होवो.

म्हणजे भारताकडे येताना माझं उत्तर असं. इटलीचं 1341 घेऊ नका. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर प्रत्येक पानावर सही घेण्याची परंपरा आहेच. आणखी एक सही म्हणजे आणखी एक औपचारिकता. व्याख्या फ्रान्सच्या 2018 च्या मजकुराच्या जवळची ठेवा, मोठ्या कंपन्यांना वगळायची रेघ हॉलंडसारखी मारा, आणि परिणाम जर्मनीच्या 306 सारखा लिहा, 'न्यायालय अट सौम्य करून लागू करणार नाही' हे वाक्य कलमातच घालून.

आपण अगदी कोऱ्या पाटीवर नाही. विधी आयोगाने 1984 च्या 103 व्या अहवालात करार अधिनियमात 67क घालायची शिफारस केली होती, 2006 च्या 199 व्या अहवालात तर स्वतंत्र विधेयकाचा मसुदाच दिला. दोन्ही धूळ खात पडले. 1986 मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांच्या नोटिशीवर नोकरीवरून काढण्याची अट करार अधिनियमाच्या कलम 23 मधल्या लोकनीतीच्या तत्त्वाखाली पाडली, पण सारख्या ताकदीच्या व्यापाऱ्यांना हे लागू नाही असं तिथेच सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात कलम 2(46) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आली. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच जावं लागतं. जिम किंवा कोचिंग क्लासच्या 'फी परत मिळणार नाही' या अटीसाठी कोण राज्य आयोगाची पायरी चढणार?

पण तुमच्या प्रबंधात एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त पानं देईन. जर्मन 306 चालतं, कारण पडलेल्या अटीच्या जागी यायला संहितेत भाडं, ठेका, सेवा, कर्ज यांचे तपशीलवार मूळ नियम तयार आहेत. आपल्याकडे वस्तूविक्रीसाठी 1930 चा अधिनियम आहे, भाडेपट्ट्यासाठी 1882 चा, आणि करार अधिनियमात हमी, निक्षेप (वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपवणं), अभिकरण (एजन्सी) यांची प्रकरणं आहेत. बांधकामाचा ठेका किंवा सेवेचा करार यांसाठी मात्र तसं प्रकरणच नाही. सॉफ्टवेअर देखभालीच्या करारातली जबाबदारीची अट पाडली तर तिच्या जागी कलम 73 च्या नुकसानभरपाईपलीकडे काय येणार, हे आज कोणी लिहून ठेवलेलं नाही. आधी ते मूळ नियम काय असावेत ते मांडा, मग 306 चं भाषांतर करायला घ्या.